परसातल्या कोंबड्या आणि घरातला कुत्रा: दोघांना एकत्र नांदवण्याची पद्धत

घरात कुत्रा असताना परसात कोंबड्या आणणारे, किंवा कोंबड्यांच्या घरात नवा कुत्रा आणणारे बहुतेक लोक पहिल्याच दिवशी एक चूक करतात, आणि ती म्हणजे ओळख करून देण्याची घाई. कुत्र्याला पट्ट्याने धरून कोंबड्यांजवळ नेले जाते, त्याला त्या हुंगू दिल्या जातात, त्याने झेप घेतली की त्याच्यावर ओरडले जाते, आणि चार-पाच दिवस असे झाले की ‘आता सवय झाली असेल’ असे गृहीत धरून पट्टा सोडला जातो. त्यानंतर जे घडते ते वेगळे सांगायला नको. या घाईच्या मुळाशी एक गोड समजूत असते, की कुत्र्याने आणि कोंबड्यांनी मैत्री करावी. प्रत्यक्षात आपल्याला मैत्री नको आहे. आपल्याला हवी आहे ती उदासीनता. दारातली कुंडी, पाण्याची बादली, दोरीवर वाळणारे कपडे यांच्याकडे कुत्रा जसे पाहून न पाहिल्यासारखे करतो, तसेच त्याने कोंबडीकडे करावे. कोंबड्या त्याला कंटाळवाण्या वाटू लागल्या, की काम झाले.

शांत स्वभावाच्या प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत हे साधारण दोन-तीन महिन्यांत जमते, तरुण आणि चपळ कुत्र्याला वर्षही लागू शकते, आणि काही कुत्रे कितीही मेहनत घेतली तरी कधीच भरवशाचे होत नाहीत. ही शेवटची शक्यता आधीच मनाशी धरून सुरुवात केलेली बरी.

कुत्रा कोंबडीमागे का धावतो

कुत्र्याची शिकार ही एक कृती नसून कृतींची साखळी असते. सावजाकडे लक्ष जाणे, नजर रोखणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे, झटका देऊन मारणे आणि शेवटी फाडून खाणे, या तिच्या कड्या आहेत. काम करणाऱ्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केलेले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी ही मांडणी केली, की निरनिराळ्या जाती घडवताना माणसाने या साखळीतल्या काही कड्या पक्क्या केल्या आणि काही ढिल्या सोडल्या. मेंढ्या वळणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणे, दबा धरणे आणि पाठलाग करणे या कड्या अतिशय तीव्र असतात, पण पुढचा चावा दाबलेला असतो. लॅब्रॅडॉरला वस्तू तोंडात धरून आणून देण्याची हौस असते. उंदीर-घुशी मारण्यासाठी पोसलेल्या टेरियरला पकडणे आणि झटका देणे या दोन कृतींच्या मधे विचार करायला जवळजवळ वेळच लागत नाही. कळपाची राखण करणाऱ्या मारेम्मा, कंगाल किंवा ग्रेट पिरेनीज या जातींमध्ये मात्र ही साखळीच एकंदरीत मंद असते. ऑस्ट्रेलियातील वॉर्नंबूलजवळच्या मिडल बेटावर कोल्ह्यांपासून छोट्या पेंग्विनचे रक्षण करण्यासाठी २००६ पासून मारेम्मा कुत्रे ठेवले गेले, ते याच गुणामुळे. पण या जातींचे तरुण कुत्रेही, वयाची दीड-दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत, खेळता खेळता कोंबडीचा जीव घेऊ शकतात, हे लक्षात ठेवावे. जात म्हणजे कल असतो, हमी नसते. मिश्र जातीच्या कुत्र्याच्या बाबतीत तर कागदावरच्या नावापेक्षा समोरचा कुत्रा काय करतो, हेच पाहावे.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की पाठलागाचा भुकेशी फारसा संबंध नसतो. पोटभर जेवलेला कुत्राही धावतो, कारण धावण्यातच त्याला सुख मिळते. दुसरी त्याहून महत्त्वाची. पाठलाग हेच ज्याचे बक्षीस आहे, त्या कुत्र्याला एकदा जरी मनसोक्त पाठलाग करायला मिळाला, तरी त्याच्या दृष्टीने तो मोठा विजय असतो, आणि आपली अनेक दिवसांची मेहनत त्या अर्ध्या मिनिटात वाहून जाते. म्हणून शिकवण्याआधी पाठलागाच्या संधी बंद कराव्या लागतात.

आधी जाळी, मग शिक्षण

षट्कोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी, जी कोंबड्यांची जाळी म्हणून सर्रास ओळखली जाते, ती कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. जोर लावणारा मध्यम आकाराचा कुत्रा ती दातांनी आणि पंजांनी सहज फाडतो. खुराड्याला आणि त्याला लागून असलेल्या बंदिस्त जागेला वेल्ड केलेली जाड तारेची जाळी लावावी. कुत्रे कुंपणाच्या पायथ्याशीच उकरतात, म्हणून जाळीची सुमारे ३० ते ४५ सेंटीमीटर रुंदीची पट्टी कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून तिच्यावर माती किंवा दगड घालावेत. कुत्रा नेमका तिथेच उभा राहून उकरू पाहतो आणि त्याच्या पंजांना तार लागते. उंची साधारण १.८ मीटर असावी. दाराला अशी कडी असावी, जी नाकाने ढकलून उघडत नाही. शक्य असेल तर पहिले काही महिने जाळीपासून मीटरभर अंतरावर दुसरे हलके कुंपणही घालावे, कारण जाळीला नाक लावून तासन्‌तास कोंबड्या न्याहाळणारा कुत्रा ‘शांत बसला आहे’ असे आपल्याला वाटत असते आणि तो मात्र नजर रोखण्याचा सराव करत असतो.

जागा सिद्ध करताना आणखी काही गोष्टी तिथल्या तिथे उरकून घ्याव्यात. कोंबड्यांचे खाद्य कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असे झाकून ठेवावे. कॉक्सिडिओसिस हा कोंबड्यांच्या आतड्यांचा परजीवींमुळे होणारा रोग टाळण्यासाठी काही खाद्यांत मिसळलेली मोनेन्सिनसारखी औषधे कुत्र्याला विषारी ठरू शकतात. खुराड्याभोवती उंदरांचे विष ठेवू नये, कारण ते कोंबडी खाते, कुत्रा खातो, किंवा ते खाऊन मेलेला उंदीर दोघांपैकी कुणीतरी खातो. कोंबड्यांची विष्ठा खाण्याची कुत्र्यांना विलक्षण आवड असते. तिच्यातून साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू त्याच्या पोटात जातात, आणि कुत्रा स्वतः आजारी न दिसताही ते घरभर पसरवू शकतो. त्यामुळे जागा रोज झाडणे आणि हात धुणे याला पर्याय नाही.

कोंबड्यांशिवाय शिकवायच्या तीन गोष्टी

पहिले दोन-तीन आठवडे कोंबड्यांचा विषयच काढू नये. या काळात कुत्र्याने तीन गोष्टी पक्क्या शिकाव्यात, आणि त्या घरात शांततेत जमणे पुरेसे नसून रस्त्यावर, पाहुण्यांसमोर, चेंडू घरंगळत जात असतानाही जमल्या पाहिजेत.

पहिली आज्ञा ‘राहू दे’. पुष्कळ लोक इथे ‘सोड’ म्हणतात, पण ‘सोड’ हा शब्द तोंडात धरलेली वस्तू टाकण्यासाठी राखून ठेवावा आणि अजून न पकडलेल्या वस्तूचा नाद सोडण्यासाठी वेगळा शब्द वापरावा. ऐन वेळी हा फरक उपयोगी पडतो. शिकवण्याची रीत सोपी आहे. बंद मुठीत खाऊचा तुकडा धरून मूठ कुत्र्यासमोर न्यावी. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. काहीही बोलू नये. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल, त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हातातला, अधिक चांगला तुकडा द्यावा. मुठीतला तुकडा त्याला कधीच मिळत नाही, हे महत्त्वाचे आहे. तो मूठ पाहताच मागे सरू लागला, की शब्द जोडावा. मग तुकडा उघड्या तळहातावर, मग जमिनीवर, मग जमिनीवर घरंगळत जाणारा, अशी अवघडपणाची चढण हळूहळू वाढवावी. घरंगळणाऱ्या तुकड्यापर्यंत पोहोचायला आठवडा लागला तरी हरकत नाही, कारण कोंबडीही हलतेच.

दुसरी आज्ञा ‘ये’, जिच्यावर कुत्रा हातातले काम टाकून वळून येतो. ही आज्ञा कधीही नावडत्या गोष्टीसाठी वापरू नये. अंघोळीला न्यायचे असेल, तर आपण जाऊन त्याला आणावे. तिसरी ‘जागेवर’. एक सतरंजी किंवा चटई ठरवावी आणि तिच्यावर पडून राहण्याची वेळ अर्ध्या मिनिटापासून अर्ध्या तासापर्यंत वाढवत न्यावी. नवखे लोक पहिल्या दोन आज्ञांवर सारा भर देतात आणि तिसरीकडे दुर्लक्ष करतात. माझे मत उलट आहे. कोंबड्यांच्या सान्निध्यात काहीही न करता पडून राहणे हेच जर आपले उद्दिष्ट असेल, तर काहीही न करता पडून राहण्याचे वेगळे शिक्षण द्यावेच लागते.

खाऊ मऊ, पटकन गिळता येईल असा आणि वाटाण्याएवढा असावा. उकडलेले चिकन दिले तर कुत्र्याला कोंबडीची चटक लागेल का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. वाडग्यातला पांढरा मऊ तुकडा आणि परसात फडफडणारी पिसांची गाठोडी यांचा संबंध आपण लावतो, कुत्रा लावत नाही.

शरीर काय सांगते

यापुढचे सगळे शिक्षण एका कौशल्यावर उभे आहे: कुत्रा हातातून निसटण्याच्या आधीचा क्षण ओळखणे. कुत्रा भुंकतो, ओढतो, उड्या मारतो, ते सगळ्यांना दिसते आणि त्याची भीतीही वाटते. पण खरा धोका शांत असतो. सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे तोंड. जीभ बाहेर काढून सैलपणे धापत असलेला कुत्रा एकाएकी तोंड मिटतो. त्यापाठोपाठ कान पुढे येतात, कपाळावर आठी पडते, मान खांद्यांच्या रेषेत खाली जाते, शरीराचा भार पुढच्या पायांवर येतो, शेपटी ताठ होते, आणि कधी कधी एक पुढचा पाय उचलून तसाच अधांतरी राहतो. हाक मारली तर कान सुद्धा हलत नाही. नाकासमोर धरलेला खाऊ तो घेत नाही, किंवा घेताना दात लागतील इतक्या घाईने ओढतो. काही कुत्रे बारीक कुंई-कुंई करतात, काहींचे दात थडथडतात. अशा कुत्र्याला काही शिकवता येत नाही. त्याच्याशी न बोलता त्याला वळवून दूर न्यावे, इतकेच काम उरते.

याच्या उलट, जो कुत्रा कोंबडीकडे पाहून पापण्या मिटतो, नजर दुसरीकडे वळवतो, जमीन हुंगू लागतो, अंग झटकतो, एका कुल्ल्यावर कलून पडतो किंवा आपल्याकडे वळून पाहतो, तो शिकण्याच्या स्थितीत आहे. या दोन स्थितींच्या मधली सीमा म्हणजे अंतर. प्रत्येक कुत्र्याचे ते वेगळे असते. कुणाचे ५ मीटर, कुणाचे ४०. पहिल्या दिवशी आपल्याला फक्त हे अंतर शोधायचे असते.

जाळीबाहेरून

कोंबड्या जाळीच्या आत, कुत्रा दोन मीटरच्या साध्या पट्ट्यावर आणि छातीच्या हार्नेसमध्ये, खिशात भरपूर खाऊ. लांबी आपोआप कमी-जास्त होणारा पट्टा इथे चालत नाही, कारण त्यात कुत्र्याला सतत ताण जाणवतो आणि ऐन वेळी तो हातातून सुटतो. कुत्र्याला आधी चांगले फिरवून आणावे, पण चेंडूमागे पळवून चेतवून आणू नये. वेळ दुपारची निवडावी, जेव्हा कोंबड्या सावलीत बसलेल्या असतात. सकाळी खुराडे उघडताच त्या पंख फडफडवत बाहेर पडतात, ती वेळ पहिल्या धड्याला अगदी गैरसोयीची.

सीमेच्या थोडे बाहेर, म्हणजे कुत्रा सैल असेल अशा अंतरावर, उभे राहावे आणि त्याला कोंबड्यांकडे पाहू द्यावे. त्याची नजर कोंबडीवर गेली, की लगेच ‘शाब्बास’ म्हणावे. शब्द ऐकून तो खाऊसाठी वळेल. खाऊ आपल्या पायाशी, कोंबड्यांच्या विरुद्ध बाजूला द्यावा, म्हणजे त्याला पूर्ण वळावे लागेल. पुन्हा तो पाहील, पुन्हा शब्द, पुन्हा खाऊ. सुरुवातीला हे उलटे वाटते, कारण ज्या गोष्टीकडे त्याने पाहू नये तिच्याकडे पाहिल्याचेच बक्षीस आपण देत असतो. परंतु आठ-दहा वेळा असे झाले, की कुत्रा कोंबडीकडे पाहतो आणि शब्दाची वाट न बघता स्वतःहून आपल्याकडे वळतो. जणू विचारतो, ‘पाहिली. आता?’ हा वळण्याचा क्षण या संपूर्ण उद्योगाचा कणा आहे, आणि तो पहिल्यांदा दिसेल तेव्हा मूठभर खाऊ द्यायला मागेपुढे पाहू नये. हे वळणे पक्के झाल्यावर ‘शाब्बास’ पाहण्यावर न देता वळण्यावर द्यावे.

एका वेळी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, इतके पुरे. कुत्रा अजून ताजातवाना असतानाच थांबावे. सलग तीन वेळा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सैल राहिला, तरच मीटर-दोन मीटर जवळ जावे. एकदाही त्याने नजर रोखली, तर दुसऱ्या दिवशी मागे यावे. मागे यायला कमीपणा वाटून घेऊ नये. जाळीपासून दोन मीटरवर तो निवांत पडू लागला, की अंतर पुन्हा वाढवून आता हालचाल वाढवावी. घरातल्या दुसऱ्या कुणी आत दाणे फेकावेत, म्हणजे कोंबड्या धावतील. मग कुणी एखादी कोंबडी उचलून खाली सोडावी, म्हणजे ती पंख फडफडवेल. अंतर आणि हालचाल या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी अवघड करू नयेत.

या काळात जाळीच्या आतही शिक्षण चाललेले असते, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. कोंबडी आकाशातल्या शत्रूसाठी एक इशारा देते आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा. घार दिसली की बारीक, लांबट आवाज काढून ती गप्प दबते; जमिनीवरून कुत्रा-मांजर आले की मान उंच करून ‘कक्-कक्-कक्-ककाऽक्’ असा तुटक, चढता गजर सुरू ठेवते. कुत्रा दिसताच हा गजर होत असेल, तोवर कोंबड्या तयार नाहीत, आणि घाबरलेली कोंबडी धावतेच. त्यांचा गजर थांबून त्या माती उकरू लागल्या, की त्यांच्या बाजूने होकार आला असे समजावे. ताण राहिला तर अंडी कमी होतात, हेही मोजून पाहता येते.

जाळीच्या आत, पट्ट्यावर

आता कुत्रा आत येतो, पण पट्ट्यावर, आणि त्याच्यासोबत त्याची सतरंजी. कोंबड्यांना पळून जायला किंवा उंच दांडीवर चढायला जागा हवी. कोपऱ्यात कोंडलेली कोंबडी फडफडाट करून सगळा धडा बिघडवते. दोन माणसे असावीत, एक कुत्र्यासाठी आणि एक कोंबड्यांसाठी. कुत्र्याला ‘जागेवर’ सांगून सतरंजीवर पाडावे आणि आपण शेजारी बसून संथपणे, मोजक्या शब्दांत, तो शांत असताना अधूनमधून खाऊ देत राहावे. कोंबड्या कुतूहलाने जवळ येतील. त्यातली एखादी धीट कोंबडी सांडलेला खाऊ टिपायला थेट कुत्र्याच्या पंजाशी येईल. तिला आपणच हाताने बाजूला करावे, कारण खाण्यावरून होणारे भांडण हे शिकारीहून वेगळे असले तरी त्याचा परिणाम तोच असतो.

शंका असलेल्या कुत्र्याला या टप्प्यावर टोपलीसारखे जाळीदार मुसके घालावे. त्यातून त्याला धापता येते, पाणी पिता येते आणि खाऊही घेता येतो. मुसक्याची सवय आधी घरात, खाऊ आत ठेवून, आठवडाभर लावावी. मात्र मुसके बांधलेला मोठा कुत्राही पंजाने आणि वजनाने कोंबडी चिरडू शकतो, म्हणून मुसके म्हणजे मोकळीक नव्हे.

लांब दोरी, आणि धुळीत लोळणारी कोंबडी

पट्ट्यावर किमान तीन-चार आठवडे काही घडले नाही, की पट्ट्याऐवजी १० मीटरची लांब दोरी हार्नेसला बांधून जमिनीवर ओढत ठेवावी आणि कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात. दोरी हातात धरण्यापेक्षा तिच्या टोकाजवळ उभे राहावे, म्हणजे गरज पडल्यास पाय देऊन थांबवता येते. हातात धरलेली दोरी वेगाने सरकली तर तळहात भाजतो.

या टप्प्यावरचा माझा स्वतःचा प्रसंग सांगण्याजोगा आहे. माझा कुत्रा तोपर्यंत तीन महिने कोंबड्यांमधून पाणी प्यायला जात होता आणि मी मनातल्या मनात त्याला उत्तीर्ण करून टाकले होते. एका दुपारी कुंपणाच्या कडेला एक कोंबडी धुळीत लोळत होती: एका कुशीवर पडलेली, पाय ताणलेले, वरचा पंख उघडून माती अंगावर उडवत, डोळे अर्धवट मिटलेले. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांना कोंबडी मरते आहे असेच वाटते, आणि कुत्र्यालाही नेमके तसेच वाटले असावे. तो थांबला. तोंड मिटले. उजवा पंजा उचलला गेला. मला दोरीवर पाय देण्याइतकाच वेळ मिळाला, आणि कोंबडी शेपटीची चार पिसे गमावून वाचली. चूक माझी होती. मी त्याला चालणारी कोंबडी शिकवली होती. जमिनीवर तडफडणारी कोंबडी हा त्याच्यासाठी निराळाच प्राणी होता. त्यानंतर मी कोंबड्यांच्या धुळीच्या खड्ड्यापासून २० मीटर अंतरावर बसून पहिल्या दिवसापासून सगळे पुन्हा सुरू केले.

म्हणून दोरी सोडण्यापूर्वी कुत्र्याने कोंबडीची निरनिराळी रूपे पाहिलेली असावीत: धुळीत लोळणारी, दांडीवरून खाली झेपावणारी, एकमेकींशी भांडणारी, पिसे गाळून ओकीबोकी झालेली. खुडूक कोंबडी पिसे फुलवून अंगावर धावून येते, आणि कोंबडा पायावरच्या अणकुचीदार नखीने कुत्र्याच्या डोळ्याला इजा करू शकतो. अशा वेळी कुत्र्याने उत्तर दिले तर त्याला दोष देता येत नाही, म्हणून आक्रमक कोंबडा आणि कुत्रा एकत्र सोडूच नयेत. पिलांचा प्रश्न तर पूर्णपणे वेगळा आहे. मोठ्या कोंबड्यांमध्ये निवांत वावरणारा कुत्राही चिवचिवणारे, तुरुतुरु पळणारे पिलू पाहून पुन्हा शिकारी होतो. पिले दार बंद असलेल्या खोलीत वाढवावीत आणि ती पूर्ण वाढेपर्यंत ओळखीचा विचारही करू नये.

शिक्षेबद्दल

विजेचा झटका देणारा पट्टा वापरला की कुत्रा कोंबडीपासून दूर राहतो, असे काही जण सांगतात. झटक्याने कुत्रा अनेकदा फक्त इशारे देणे सोडतो. गुरगुरत नाही, थांबत नाही, सरळ झडप घालतो. शिवाय झटक्याच्या क्षणी समोर जे असेल त्याच्याशी तो वेदनेची सांगड घालतो, आणि ते घरातले मूलही असू शकते. मारलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधून ठेवण्याचा जुना उपाय तर केवळ क्रूर आणि निरर्थक आहे. घडून गेलेल्या गोष्टीचा आणि गळ्यातल्या दुर्गंधीचा संबंध जोडणे कुत्र्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

पिल्लू, तारुण्य आणि दुसरा कुत्रा

कुत्र्याचे पिल्लू ३ ते सुमारे १४ आठवड्यांच्या वयात जे पाहते ते त्याला जन्मभर परिचयाचे वाटते. या काळात जाळीपलीकडच्या कोंबड्या रोज शांतपणे पाहिलेले पिल्लू पुढे सोपे जाते. मात्र सहा-सात महिन्यांनंतर, तारुण्याच्या उंबरठ्यावर, शहाणे पिल्लू अचानक सगळे विसरल्यासारखे वागते. तेव्हा न रागावता पुन्हा पट्टा बांधावा आणि काही महिने कळ काढावी.

दोन कुत्रे असतील तर दोघांना वेगवेगळे शिकवावे. एकटे असताना भरवशाचे असलेले दोन कुत्रे एकत्र आले की एकमेकांना चेव आणतात, आणि पाहुणा म्हणून आलेला मित्राचा कुत्रा अर्ध्या तासात आपल्या कुत्र्याला पाठलागाची गोडी लावून जातो.

कोंबडी पकडली गेलीच तर

आरडाओरडा करू नये, कोंबडी ओढू नये. ओढल्याने पकड घट्ट होते आणि कातडी फाटते. कुत्र्याचा गळपट्टा धरून त्याला हलू न देता ‘सोड’ म्हणावे आणि नाकाशी खाऊ धरावा. कोंबडी सुटली की आधी कुत्र्याला बंद करावे. नंतर कोंबडीची पिसे बाजूला सारून कातडी नीट तपासावी, विशेषतः पाठ आणि पंखांखाली, कारण सुळ्यांची छिद्रे पिसांखाली लपतात आणि वरून कोंबडी धडधाकट दिसते. कुत्र्याच्या तोंडातल्या जंतूंमुळे ही छिद्रे लवकर चिघळतात, त्यामुळे पशुवैद्याला दाखवावे. तोवर तिला अंधाऱ्या, उबदार, शांत खोक्यात ठेवावे आणि बाकीच्या कोंबड्यांपासून दूर ठेवावे, कारण रक्त दिसले की त्या तिलाच टोचू लागतात. जखम नसतानाही धक्क्याने काही तासांनी कोंबडी दगावू शकते.

ज्यांचे जमत नाही

विश्वास पानिपतावरच गेला, असे आपण म्हणतो, आणि ते या बाबतीत खरे मानून चालावे. कुत्रा कितीही तयार झाला, तरी कुणी मोठे माणूस हजर नसताना त्याला मोकळ्या कोंबड्यांसोबत सोडू नये. ज्याने एकदा कोंबडी मारली आहे, किंवा सहा महिन्यांच्या नियमित सरावानंतरही जो जाळीपासून पाच मीटरवर खाऊ घेत नाही, त्याच्या बाबतीत शिक्षणाचा हट्ट सोडून वेळा वाटून घ्याव्यात. यात कुत्र्याचा पराभव नाही आणि आपलाही नाही. अनेक घरांत दोघेही अशा व्यवस्थेत सुखाने राहतात.

अशी व्यवस्था मोडते ती कुत्र्यामुळे क्वचित आणि घरातल्या माणसांच्या विसराळूपणामुळे बहुतेक वेळा. कोंबड्या बाहेर आहेत हे एकाला ठाऊक असते आणि दुसरा कुत्र्यासाठी दार उघडतो. त्यावर आमच्याकडे चाललेला उपाय अगदी साधा आहे. कोंबड्या मोकळ्या सोडण्याआधी मागच्या दाराच्या कडीला लाल कापडाची चिंधी बांधायची. चिंधी असेपर्यंत ते दार कुणीही, कोणत्याही कारणाने उघडायचे नाही. कुत्र्याला पुढच्या दाराने, पट्ट्यावर न्यायचे. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर चढल्या की त्या मोजायच्या, खुराड्याची कडी लावायची, आणि मग ज्याने मोजल्या त्यानेच चिंधी सोडायची.